केगमधून नुसता फेस येतोय? रेग्युलेटर फिरवण्याआधी हे वाचा

“दादा, केग परत खराब आलाय. नुसता फेस येतोय.”

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या बारच्या ड्राफ्ट बिअरच्या लाइनी धुणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. हा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा येतोच. मॅनेजर बदलतात, वाक्य बदलत नाही. मी पोचेपर्यंत तिथे दोन गोष्टी उरकलेल्या असतात. केग बदललेला असतो आणि कुणीतरी गॅस सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचा, म्हणजे केगमध्ये जाणाऱ्या गॅसचं प्रेशर ठरवणाऱ्या यंत्राचा, स्क्रू उलटा फिरवून प्रेशर उतरवलेलं असतं. केग बदलल्याने फार तर अंगमेहनत वाया जाते. प्रेशर उतरवल्याने मात्र एका संध्याकाळचं दुखणं आठवडाभर मुक्कामाला येतं.

केग खराब निघतच नाही असं नाही. व्हॉल्वचं रबर कापलं गेलेले केग मी पाहिलेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके. स्टीलचा डबा, आत एक उभी नळी, तोंडाशी स्प्रिंगचा व्हॉल्व, एवढाच तो प्रकार. आमची पोरं त्याला सरळ ‘टाकी’ म्हणतात, आणि ते चुकीचंही नाही. बिघडायला त्यात फार काही नसतं. बघायचं म्हणून तो व्हॉल्व उघडायला मात्र कधीही जाऊ नका. आत प्रेशर असताना मधली नळी सुटली तर ती गोळीसारखी वर येते. यात माणसं गेलेली आहेत.

फेस कधी येतो?

फोनवर मी हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा “कायमच येतो” असं मिळतं. कायम कधीच येत नसतो. जरा खोदून विचारलं की निम्मं काम तिथेच होतं.

दुपारी बार उघडल्यावर पहिला ग्लास फेसाळतो आणि तिसऱ्यापासून सगळं सुरळीत होतं, असं असेल तर दोष काउंटरवरच्या नळाच्या खांबात आहे. केग कोल्ड रूममध्ये ३ अंशांवर, आणि खांब बाहेर ३४ अंशांत. त्या खांबातली वीतभर बिअर रात्रभर तापलेली असते. कोल्ड रूममधली हवा छोट्या पंख्याने आणि पाइपने खांबापर्यंत खेळवली की हा त्रास जातो. अनेक ठिकाणी तो पंखा बसवलेला असतोही, फक्त बंद पडलेला असतो आणि ते कुणाच्या गावी नसतं.

एकाच नळाला त्रास असेल तर नळ, त्याची लाइन आणि त्याचा कपलर (केगच्या तोंडावर बसणारा, गॅस आत आणि बिअर बाहेर नेणारा जोड) एवढंच बघा. सगळे नळ एकदम फेसाळले तर केग निर्दोष. चार केग एकाच दिवशी ठरवून खराब होत नाहीत. तिथे थंडावा किंवा गॅस, दोनपैकी एक. नवा केग लावल्या-लावल्या फेस आला तर आधी टेम्पोवाल्याला विचारा किती वाजता उतरवला. बाणेर-हिंजवडीचे गतिरोधक खात आलेला, उन्हात तापलेला केग तासाभरात नळाला लावला तर तो फेसच देणार. आणि केग संपत आला की शेवटी थोडा फेस येतो, तो आजार नाही.

थर्मामीटर भिंतीवर नको, ग्लासात

बाणेर भागातल्या एका ठिकाणी हा प्रकार मला सात-आठ महिने छळत होता. चार नळ, लाइनी माझ्याच हातच्या, पंधरा दिवसांनी धुतलेल्या. तरी मधेच एखाद्या दिवशी चारही नळ वेड्यासारखे फेसाळायचे आणि दुसऱ्या दिवशी आपोआप शहाणे व्हायचे. मालकांनी पुरवठादाराशी भांडून पाच-सहा केग परत पाठवले होते. मी दर वेळी वॉशर बदलायचो, लाइन धुवायचो, दुसऱ्या दिवशी फेस जायचा आणि श्रेय मला मिळायचं. खरं सांगायचं तर त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

मग एकदा वहीत तारखा बघत होतो. ३ ऑक्टोबर. त्याआधीची नोंद अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची. त्याच्या आधीची मतदानाच्या संध्याकाळची, म्हणजे ४८ तासांचा ड्राय डे संपल्या-संपल्या. म्हटलं, अरेच्चा.

पुढचा ड्राय डे आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी न बोलावता गेलो. दुपारचे सव्वाचार वाजले होते. कोल्ड रूमच्या भिंतीवर आकडा ३ अंश. मॅनेजर म्हणाला, “बघा दादा, कूलिंग परफेक्ट आहे.” नळाखाली ग्लास धरला, भरला, ओतून दिला. परत भरला. हा दुसरा ग्लास महत्त्वाचा, कारण पहिल्यात ग्लासची आणि खांबाची उष्णता मिसळते. दुसऱ्यात थर्मामीटर बुडवला. साडेनऊ अंश.

भिंतीवर ३ आणि ग्लासात साडेनऊ, मग मधले साडेसहा अंश आले कुठून? किचनमध्ये पाणी प्यायला गेलो तेव्हा ओव्हनवरचं घड्याळ दिसलं. लाइट गेली की ते शून्यापासून मोजायला लागतं आणि पुन्हा लावायचे कष्ट कुणी घेत नाही. त्यावर होते ५:२०. सव्वाचारातून पाच तास वीस मिनिटं वजा केली की अकराला पाच कमी. त्या वेळी किचनचा पोऱ्या येऊन मेन स्विच चालू करतो. ड्राय डेच्या आदल्या रात्री कुलूप लावताना, उद्या बंदच आहे, वीज कशाला जाळायची, म्हणून त्याने तो पाडलेला होता. त्याचा हेतू चांगलाच होता. फक्त त्या स्विचवर कोल्ड रूमही होती.

कोल्ड रूमची हवा दोन तासांत थंड होते. भिंतीवरचा आकडा खोटा नसतो, पण तो हवेचा आकडा आहे. ५० लिटर बिअरचा केग १० अंशांवरून ३ अंशांवर यायला जवळजवळ पूर्ण दिवस घेतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं ‘आपोआप’ ठीक व्हायचं. परत गेलेल्या त्या पाच-सहा केगमध्ये काहीच दोष नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा: किल्ल्या, वॉशर, पाने सगळं गाडीत राहू दे, आधी ग्लासात थर्मामीटर. त्यावर ३ ते ४ अंश यायला पाहिजेत. ग्लासात ७ आले तर केगजवळची बिअर तपासा. ती ३ असेल तर वाटेत कुठेतरी लाइन तापतेय. तीही ७ असेल तर कोल्ड रूमचा दरवाजा, त्याचं रबर, आणि त्यात कोंबलेल्या भाजीच्या क्रेट. हो, भाजी. पनीर आणि कोथिंबीर काढायला तो दरवाजा दिवसातून शंभर वेळा उघडतो.

प्रेशर उतरवलं की फेस का वाढतो

आता रेग्युलेटर. फेस जास्त म्हणजे गॅस जास्त, मग गॅस कमी करा, हे डोक्याला पटतं. पहिला तासभर फरकही पडतो, कारण बिअर हळू येते. म्हणूनच ही चूक सुटत नाही.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. साधारण लागर, म्हणजे नेहमीची हलकी सोनेरी बिअर, घेतली तर एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. म्हणजे ५० लिटरच्या केगमध्ये सव्वाशे लिटर वायू गुपचूप बसलेला आहे. त्याला बसवून ठेवतं काय? थंडी आणि दाब. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय: दाब सुटला, वायू उसळून बाहेर. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेला नियम तो हाच. द्रवात किती वायू राहील हे वरचा दाब ठरवतो, आणि तापमान वाढलं की त्याच दाबाला कमी वायू राहतो.

सुमारे ३ अंशांना अडीच पट वायू धरून ठेवायला समुद्रसपाटीवर सव्वाअकरा पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर आहे, इथे हवेचाच दाब पाऊण-एक पीएसआयने कमी, म्हणून गेजवर १२ ठेवायचे. मुंबईहून बदलून आलेला मॅनेजर तिथलाच आकडा इथे लावतो आणि महिनाभर कुरकुरत राहतो, याची मला आता सवय झाली आहे. महाबळेश्वरला हाच फरक दोन पीएसआयच्या वर जातो.

आता समजा तुम्ही १२ चे ८ केले. ८ पीएसआयला ती बिअर दोन पटीहून जरासाच जास्त वायू धरू शकते. उरलेला वायू बाहेर येणार, भरलेल्या केगमधून जवळपास वीस लिटर. लगेच नाही, दोन-तीन दिवस सावकाश. तो केगच्या वरच्या जागेत येतो तसा लाइनमध्येही येतो. नळीत बुडबुड्यांचे मणके तयार होतात, नळ उघडला की फस्-फस् करत फेस, मधे बिअर, परत फेस. मग कुणीतरी म्हणतं अजून कमी करा. आठवड्याने त्याच केगमधून सपक बिअर आणि वर फेस असं दोन्ही एकदम मिळतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं केग शिळा आहे.

बिअर गरम असेल तर? ८ अंशांना तोच वायू धरायला साडेसोळा पीएसआय लागतील. तेवढं प्रेशर दिलं तर नळातून बिअर फवाऱ्यासारखी येईल. म्हणजे गरम बिअरला रेग्युलेटरवर औषध नाही. तिला थंडच करावं लागतं. आज संध्याकाळचा धंदा जाईल, बाटल्या विका.

ताज्या, पाश्चराइज न केलेल्या बिअरचं आणखी एक आहे. २००९ मध्ये डूलाली या मायक्रोब्रुअरीने पुण्यात स्वतःची बिअर बनवायला घेतली, त्यानंतर अशा बिअरची इथल्या लोकांना चटक लागली. तिच्यात थोडं यीस्ट जिवंत असतं. केग गरम राहिला तर ते पुन्हा कामाला लागू शकतं, आणि नवा वायू आतच तयार होतो. असा केग नंतर थंड केला तरी काही काळ जास्तच फेसाळतो.

नळी कापू नका

कोल्ड रूममधून काउंटरवर जाणारी नळी गुंडाळी करून ठेवलेली दिसली की नवीन मॅनेजरचे हात शिवशिवतात. “एवढी कशाला?” म्हणून तो ती कापतो. ती गुंडाळी म्हणजे ब्रेक आहे. केगमधून बिअर १२ पीएसआयने निघते आणि नळाशी तिचा जोर जवळपास संपलेला हवा. तो जोर नळीच्या आतल्या भिंतीला घासून मरतो.

हिशेब सोपा आहे. उभी चढण फुटाला अर्धा पीएसआय खाते. केगपासून नळ चार फूट उंच असेल तर दोन गेले. उरले दहा. ३/१६ इंचाची मऊ प्लास्टिक नळी फुटाला ३ पीएसआय खाते असं पुस्तकात असतं, म्हणजे साडेतीन फुटांतच काम व्हायला हवं. माझ्या अनुभवात ती तेवढं खात नाही. मी सहा-सात फूट लावतो, बिअर फारच हळू आली तर अर्धा-अर्धा फूट कमी करतो. कापलेली नळी परत जोडता येत नाही, तेव्हा घाई नको. पाव इंचाची नळी मात्र फुटाला एक पीएसआयही खात नाही. घाईच्या वेळी प्लंबरने जवळ होती ती जाड नळी लावून दिली की बिअर धबधब्यासारखी कोसळते.

बरोबर वेग ओळखायचा कसा? नळ पूर्ण उघडा आणि सेकंद मोजा. अर्धा लिटर आठ-नऊ सेकंदांत भरला पाहिजे. चार सेकंदांत भरला तर ब्रेक कमी. आणि नळ पूर्णच उघडायचा. अर्धवट उघडून “हळू सोडतो” म्हणणारा बारटेंडर त्या फटीतच फेस तयार करत असतो.

टॉर्च आणि कान

तापमान बरोबर, प्रेशर बरोबर, नळी बरोबर, तरी एकच नळ फेसाळतोय. आता कोल्ड रूममध्ये जा, सोबत टॉर्च घ्या. जाताना दार उघडं ठेवा. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, त्याला रंग नाही, आणि डोकं गरगरायला लागेपर्यंत कळतही नाही. आत धाप लागल्यासारखं वाटलं तर तपासणी नंतर, आधी बाहेर.

दुसऱ्याला नळ उघडायला सांगा आणि कपलरच्या लगेच वर पारदर्शक नळीवर टॉर्च मारा. तिथूनच बारीक बुडबुड्यांची माळ निघत असेल तर कपलरच्या आतलं रबर गेलंय आणि गॅस थेट बिअरच्या वाटेत घुसतोय. वीस-तीस रुपयांचा वॉशर. तो बदलताना त्याला खाण्यायोग्य ग्रीस बोटभर लावा, कोरडा बसवला की महिन्यात परत चिरतो. कपलरजवळ बिअर स्वच्छ आणि पुढे वाटेत बुडबुडे, तर नळी तिथे तापतेय. बहुतेक वेळा तिथे फ्रीजच्या कॉम्प्रेसरची गरम हवा लागत असते.

एस आणि डी हे दोन कपलर दिसायला जुळे भाऊ आहेत. युरोपीय पद्धतीच्या एसची दांडी जरा लांब असते. चुकीचा कपलर जोर लावून बसवला की बसतो, तिथेच घोळ होतो: व्हॉल्व अर्धाच उघडतो आणि त्या चिंचोळ्या वाटेने बिअर फेसाळते. दोन पुरवठादारांचे केग ठेवत असाल तर कपलरच्या दांड्यांना रंगीत टेप लावून टाका.

धुणं, आणि ग्लास

लाइन दर पंधरा दिवसांनी कॉस्टिक सोड्याने धुवायची, यात सूट नाही. दोन-तीन टक्क्यांचं द्रावण, कोमट, पंपाने पंधरा मिनिटं फिरवायचं. पंप नसेल तर वीस मिनिटं भरून ठेवायचं. मग साध्या पाण्याने खळखळून, लिटमस कागद रंग बदलायचा थांबेपर्यंत. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. तीन महिन्यांतून एकदा अॅसिडची धुलाई, तीही वेगळ्या दिवशी. दोन्ही रसायनं एकत्र आणायची नाहीत. अॅसिड कशासाठी, तर नळीत कॅल्शियम ऑक्झलेटचा खर बसतो, किटलीत बसतो तसा, आणि त्या खडबडीतपणावर बुडबुडे जन्माला येतात. धुलाई चुकली की फेसाच्या आधी वास सांगतो: लोण्यासारखा आला तर लाइनीत जिवाणू, व्हिनेगरसारखा आला तर नळाच्या तोंडाशी.

ग्लासाचं लोकांना पटत नाही. ज्या स्पंजने तंदुरीची ताटली घासली त्यानेच बिअरचा ग्लास घासला तर त्यावर तेलाचा हात फिरलेला असतो. असा ग्लास पाण्यात बुडवून काढा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर तेलकट. तेलकट ग्लासात फेस धड टिकत नाही आणि भिंतीला मोठे बुडबुडे चिकटून बसतात. कोरडा, उन्हातून आणलेला गरम ग्लास हा वेगळाच शत्रू. भरण्याआधी थंड पाण्याने विसळा.

बाणेरच्या त्या बारचं पुढे काय झालं

इलेक्ट्रिशियनला बोलावून कोल्ड रूमची लाइन मेन स्विचवरून काढून स्वतंत्र केली. तिच्या स्विचवर लाल कागद चिकटवला: ‘ड्राय डे असला तरी बंद करू नये.’ पोऱ्याला कुणी रागावलं नाही, मीच रागावू दिलं नाही. पुढचा ड्राय डे गेला. दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन.

“दादा, फेस अजिबात नाही.”

“वा.”

“बिअर पण नाही येत.”

गेलो. गेजवर गॅस शून्य. मॅनेजर शपथेवर सांगत होता की कालपर्यंत काटा भरलेल्या सिलिंडरचाच होता, आणि तो खरंच बोलत होता. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी २० अंशांना काटा ५७ बारच्या (बार हेही दाबाचंच माप) आसपास दाखवत राहतो. द्रव संपला की काटा झपाट्याने कोसळतो. त्यामुळे गेज बघून गॅस किती उरलाय ते कळत नाही. वजन करूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्याशी ठोकलेलं असतं, काट्यावर ठेवून जे येईल त्यातून ते वजा करायचं. त्याच्या सिलिंडरवर तो आकडा होता, फक्त त्यावर बारचं स्टिकर चिकटवलेलं होतं. ते नखाने खरवडून काढलं, किचनमधला कांदे तोलायचा काटा मागवला, आणि दर सोमवारी वजन लिहायला वहीत एक पान आखून दिलं.